शंभरात एक जास्त धरणारी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी पट्टी आहे, आणि माझं माप बरोबर नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला फसवी म्हणायला नको. माझी लांबी साधारण दोन फूट, रुंदी दोन बोटं. एका टोकाला टांगायचं भोक आहे. दुसऱ्या टोकाला माझ्या वेगळेपणाचं कारण बारीक अक्षरांत कोरलेलं आहे: शंभराला एक. माझ्या अंगावरचे शंभर मिलिमीटर तुम्ही तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजलेत, तर ते एकशे एक भरतील.

मी चुकून अशी झालेली नाही. मला मुद्दाम असं घडवलं आहे. ओतशाळेत बीड वितळवून त्याच्या वस्तू ओततात. त्यासाठी आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो. त्याला साचा म्हणा, कामगार पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबून काढला की पोकळी उरते आणि त्या पोकळीत लालभडक रस ओततात. पण हे बीड गार होताना आकसतं. शंभराची वस्तू हवी असेल तर साचा एकशे एकचा लागतो. दर वेळी हा हिशेब करत बसायला नको, म्हणून माझ्यासारख्या पट्ट्या जन्माला आल्या. पुढे जे कमी होणार आहे, तेवढं आधीच जास्त धरून ठेवायचं, हे माझं काम.

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका ओतशाळेत मी सुदाम मिस्त्रींच्या हातात आले. तेव्हा ते चोवीस-पंचवीस वर्षांचे होते. कानामागे पेन्सिल. ती गोल टोकाची नव्हे, पटाशीसारखी चपटी तासलेली. मला सागवानावर ठेवून ते डाव्या हाताची तीन बोटं माझ्या पाठीवर पसरत. त्या बोटांचा दाब सारखा असे, ना कमी ना जास्त. मी हलत नसे. पेन्सिल माझ्या कडेने एकदाच जाई, आणि ती रेघ परत गिरवावी लागत नसे.

काय दिवस होते ते! पॅटर्नशॉपमध्ये सकाळच्या उन्हात लाकडाचा भुसा तरंगत असायचा. चपड्याच्या पॉलिशचा वास असायचा. मिस्त्री साचा पूर्ण करून त्याच्यावरून तळहात फिरवत आणि डोळे मिटून घेत. डोळ्यांना जे दिसत नाही ते हाताला लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मोठमोठ्या पाइपांना लागणाऱ्या व्हॉल्व्हचे साचे त्यांनी कितीतरी केले. त्यातले काही बारवी धरणाच्या पाण्याच्या लाइनवर बसले आहेत, असं कुणीतरी त्यांना सांगितलं. तेव्हापासून घरी नळाला पाणी आलं की ते बायकोला म्हणत, "दुरपदे, ह्या पाण्याला माझा हात लागलाय."

द्रौपदीबाई कळशी लावता लावता उत्तर द्यायच्या, "मग चार वाजता कशाला येतं? तुमचा हात लागलाय तर जरा उजाडल्यावर सोडायला सांगा की."

एकदा मुंबईहून आलेल्या एका बड्या साहेबाने मिस्त्रींचा साचा हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. म्हणाला, "हा वाळूत घालायचा? हा तर दिवाणखान्यात ठेवायला हवा." मिस्त्रींनी हे त्या दिवशी घरी तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी द्रौपदीबाई म्हणाल्या, "साहेबाच्या दिवाणखान्याचं सोडा. आपल्या घरात बसायला एक पाट तरी केलात का तुम्ही?"

हे मात्र खरं होतं. साऱ्या जगाला साचे करणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात एक फळी लावली नव्हती. मिस्त्रींना वाचनाचा मोठा नाद. जेवायच्या सुट्टीत ते डबा एका हाताने खात आणि दुसऱ्या हातात पुस्तक असे. ती पुस्तकं घरात पलंगाखालच्या दोन पत्र्याच्या ट्रंकांत राहत. पावसाळ्यात ट्रंका गंजत आणि पुस्तकांना कसर लागे. "रिटायर झालो की पहिलं काम कपाट," असं ते दर पावसाळ्यात म्हणत.

त्यांची मुलगी मैत्रेयी आठवीत असतानाची एक गोष्ट सांगते. मिस्त्रींनी मला एका कामासाठी घरी आणलं होतं. मैत्रेयीची पट्टी शाळेत हरवली होती, म्हणून तिने भूमितीच्या वहीत मलाच वापरलं. सगळे त्रिकोण सुबक आले आणि सगळे चुकले. बाईंनी पानभर लाल शाई ओतली. ती रडत घरी आली आणि मला जमिनीवर टाकून म्हणाली, "पप्पा, तुमची ही पट्टी खोटारडी आहे!"

मिस्त्रींनी मला उचललं, बाहीला पुसलं आणि तिला जवळ बसवून बीड कसं आकसतं ते समजावून सांगितलं. ती हुंदके देत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पण माझा त्रिकोण कुठे आकसणार होता?" यावर मिस्त्री हसत सुटले.

पुढे साचे कॉम्प्युटरवर होऊ लागले. बाहेरून यायचे, पांढरे, गुळगुळीत, कुणाचाही हात न लागलेले. पॅटर्नशॉपला कुलूप लागलं त्या दिवशी कुणी घड्याळ घरी नेलं, कुणी शिकंजा नेला. मिस्त्रींनी मला नेलं. बदलापूरला दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात आल्यावर मला वाटलं, आता कपाट होणार.

पण निवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांचा हात थरथरू लागला. आधी कपातला चहा बशीत सांडू लागला. मग शर्टाची बटणं द्रौपदीबाई लावू लागल्या. डॉक्टरांनी त्याला कंपवात म्हटलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थोडा फरक पडला, पण फार नाही. तरीही एकदा त्यांनी हट्टाने प्लायचा एक तुकडा आणला आणि हातकरवत घेऊन बसले. करवत रेघेवरून उडाली आणि अंगठ्यात घुसली. तीन टाके पडले. द्रौपदीबाईंनी हत्यारांची पेटी माळ्यावर चढवली आणि शिडी शेजाऱ्यांकडे देऊन टाकली.

मी तेवढी खाली राहिले, कारण मी सपाट होते. नारळाच्या वड्या सरळ पाडायला द्रौपदीबाईंना माझा उपयोग होता. कधी फ्रिजमागे गेलेलं लिंबू काढायला, कधी पाल हुसकायला. साखरेच्या पाकाने माझे आकडे भरून जात. मित्रांनो, वड्या पाडणं वाईट नव्हे. पण त्या तीन बोटांचा दाब मला आठवत राही. मिस्त्री स्वयंपाकघरात आले की माझ्याकडे बघत आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घेत. आम्ही दोघं एकाच घरात होतो आणि नऊ वर्षं एकमेकांना भेटलो नाही.

यंदाच्या हिवाळ्यात मैत्रेयीने ठरवलं की पप्पांचं कपाट आपण करायचं. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. हात स्वच्छ, नजर बारीक. सुतारकामाचे व्हिडिओ बघून बघून तिने बरंच शिकून घेतलं होतं. एका संध्याकाळी तिने मोबाइल मिस्त्रींपुढे धरला. त्यात एक माणूस प्लायवर ॲल्युमिनियमचा लांब रूळ ठेवून त्यावरून विजेची करवत ढकलत होता. करवत रुळावरून गाडीसारखी सरकत गेली आणि काप सुतासारखा सरळ आला.

"ह्याला ट्रॅक सॉ म्हणतात, पप्पा."

मिस्त्री चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. "परत दाखव."

तिने परत दाखवलं.

"हात हलला तर?"

"हलला तरी चालतं. खाली खाच असते, ती रुळात बसते. बाजूला जातच नाही करवत."

मिस्त्रींनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर आपला आपण थरथरत होता. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "एक काप मी घेईन?"

"बघू," मैत्रेयी म्हणाली.

त्या घरात "बघू" म्हणजे "नाही". ते मिस्त्रींनाही ठाऊक होतं, कारण मैत्रेयी लहान असताना ते स्वतःच तिला असं म्हणत. अंगठ्यातलं रक्त तिने पुसलं होतं, ती तरी दुसरं काय म्हणणार? "मशीन मी चालवणार. तुम्ही मापं आखायची. तुमच्याइतकं माप कुणाला येतं?" असं म्हणून तिने विषय संपवला.

पुढच्या रविवारी बाप-लेक मशीन घ्यायला उल्हासनगरला निघाले. निघताना मिस्त्रींनी मला साबणाने धुतलं आणि भाजीच्या पिशवीत ठेवलं.

"पट्टी कशाला?" द्रौपदीबाईंनी विचारलं. "उल्हासनगरात वड्या पाडायच्यात?"

"रूळ बघायला. माप जास्त असलं तरी कड सरळ आहे तिची."

मित्रांनो, हे वाक्य मी पिशवीत पडल्या पडल्या किती वेळा मनात म्हटलं असेल!

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधलं ते यंत्रांचं दुकान म्हणजे दहा फूट रुंद आणि बोगद्यासारखं लांब. काउंटरमागे हासानंद शेठ. मैत्रेयीने काय हवं ते सांगितलं, आणि पंधरा-सोळा हजारांच्या वर जायचं नाही हेही सांगितलं.

"दीदी, पहले माल तो देखो," म्हणत शेठने एक परदेशी, बॅटरीवरची करवत काढली. हलकी, देखणी, आवाज जेमतेम. मैत्रेयीने ती हातात घेतली, किंमत ऐकली आणि दुसऱ्याचं बाळ परत द्यावं तशी जपून परत दिली.

मग शेठने सर्वांत स्वस्त जोडणी दाखवली. साधी गोल करवत, आणि खिडकीच्या ॲल्युमिनियमचा कापून केलेला रूळ. "ये अपना लोकल जुगाड. फुल गॅरंटी. दुकान के दरवाजे तक."

मैत्रेयी हसली, पण तिने करवत उलटी करून नीट बघितली. तिचं पातं कायम खालीच राहत होतं. तिने ती बाजूला ठेवली. "शेठ, काम करताना हात सुटला तर पातं वर जायला पाहिजे. तशी दाखवा."

शेठने तिसरी काढली. वायरीची, जरा जड, नाव फारसं कुणी न ऐकलेलं. वरून दाबलं की पातं खाली उतरायचं, आणि दाब गेला की स्प्रिंगने टचकन वर आपल्या घरात जायचं.

"परत कर," मिस्त्री म्हणाले. मैत्रेयीने दाबून सोडलं. "परत." तिने पुन्हा सोडलं.

शेठचं लक्ष मिस्त्रींच्या हाताकडे गेलं. त्याने पायाने एक स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. "बैठो काका, आरामसे देखो."

मैत्रेयीने विचारायचं ते सगळं विचारलं. मोटरमधला कार्बन ब्रश झिजला तर इथे नवा मिळेल का? मिळेल. पातं ह्याच कंपनीचं लागतं का? नाही, बाजारातलं ह्या मापाचं कुठलंही बसतं. भुसा ओढायला घरचा व्हॅक्यूम जोडता येईल का? शेठने नळी लावून दाखवली. आठ फुटी प्लाय उभा कापायला एक रूळ पुरणार नाही, तेव्हा दुसरा रूळ घेऊन दोन्ही जोडायचे ठरले.

आता मिस्त्री उठले. त्यांनी रूळ काउंटरच्या काचेवर ठेवायला लावला आणि मला पिशवीतून बाहेर काढलं. मला कडेवर उभी करून त्यांनी रुळाला टेकवलं. हात थरथरत होता, म्हणून मैत्रेयीने मला एका टोकाला धरलं. मिस्त्री काचेवर गाल टेकवून माझ्या आणि रुळाच्या मधून पलीकडचा उजेड बघू लागले. दोन्ही टोकांना केसाएवढी फट दिसत होती.

"ह्याला पोट आहे."

"काका, पोट तो मेरे को भी है," शेठ म्हणाला, "फिर भी धंदा सीधा चलता है."

"तुम्ही रुळावर चालत नाही, शेठ. दुसरा काढा."

शेठने कुरकुरत पाच रूळ काढले. मिस्त्रींनी त्यांतले दोन निवडले. ती उजेडाची रेघ माझ्या पूर्ण कडेवर कुठेही दिसेना, तेव्हा त्यांनी मान वर केली. कित्येक वर्षांनी मी त्यांचा तो चेहरा पाहिला.

"किधर काम करते थे?" शेठने विचारलं.

"पॅटर्नशॉपमध्ये. अंबरनाथला."

"तभी तो," असं म्हणून शेठने पात्याचा एक जास्तीचा नग पिशवीत टाकला आणि त्याचे पैसे लावले नाहीत.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी इमारतीच्या गच्चीवर काम सुरू झालं. प्लायचा मोठा तक्ता थर्माकोलवर आडवा टाकला. हॉलमध्ये खांब आणि दाराची चौकट यांच्या मधे नऊशे मिलिमीटरला पाच मिलिमीटर जास्त जागा होती. कपाट बरोबर नऊशेचं करायचं. दोन उभ्या बाजू, मधे पाच फळ्या, मागे पातळ प्लाय. दोन्ही बाजूंची जाडी वजा जाता प्रत्येक फळी आठशे चौसष्टची.

दोन रूळ जोडताना सांध्यावर मलाच टेकवलं. मैत्रेयीने स्क्रू आवळले. तिने भुश्यापासून बचावाचा चष्मा घातला, वायर खांद्यावरून मागे टाकली आणि मशीन सुरू केलं. पहिल्याच खेपेला रुळाची रबरी कड पात्याने कापली गेली. "आता ही कड जिथे, काप तिथे," तिने मिस्त्रींना दाखवलं. ते लहान मुलासारखे वाकून बघत होते. फळ्यांसाठी लांब पट्ट्या निघाल्या, बाजू निघाल्या, मागचा प्लाय निघाला. ही सगळी मापं मैत्रेयीने टेपने घेतली होती. मिस्त्री प्रत्येक कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवत आणि हात खाली घेत.

तेवढ्यात तिला लॅबमधून फोन आला. "पप्पा, फळ्या आखून ठेवा हं. आठशे चौसष्ट," असं म्हणून ती गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेली.

मिस्त्रींनी टेप उचलला. त्याची जिभली फळीच्या कडेला अडकवून ते फीत ओढू लागले. हात थरथरला, जिभली सुटली आणि फीत सर्रकन आत गेली. त्यांनी पुन्हा अडकवली. पुन्हा सुटली. फितीच्या धारेने बोटाला चरा गेला. त्यांनी मैत्रेयीकडे चोरून पाहिलं. ती फोनवर होती.

मग त्यांनी मला उचललं.

मी त्यांच्या हातातून निसटत नव्हते. मी फळीवर शांत पडून राहिले आणि माझ्या पाठीवर त्यांची तीन बोटं आली. ती आता सुरकुतली होती, पक्ष्याच्या पायांसारखी फडफडत होती, पण ती तीच होती. त्यांनी सहाशे धरले, मग पुढे दोनशे चौसष्ट. पेन्सिलची रेघ जरा वाकडी आली. दुसऱ्या फळीवर थोडी बरी. पाचवीपर्यंत ते गुणगुणू लागले होते.

मित्रांनो, मला ठाऊक होतं. ह्या फळ्या लाकडाच्या आहेत, आकसणार नाहीत, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण पट्टीला तोंड नसतं. आणि खरं सांगायचं तर, असतं तरी त्या क्षणी मी ते उघडलं असतं की नाही, कोण जाणे. पस्तीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात माझ्याकडे वळला होता आणि मी इतकी आसुसलेली होते की मला तो थांबवावासा वाटला नाही.

मैत्रेयी परत आली. तिने रेघा बघितल्या आणि त्यांवर पाचही फळ्या कापल्या. माप तपासलं नाही. पप्पांनी आखलेलं माप तपासायचं, हे तिच्या मनातही आलं नाही.

बाजू उभ्या केल्या, मधे फळ्या लावल्या आणि मागचा प्लाय ठेवला. तो दोन्हीकडून चार-चार मिलिमीटर कमी पडला. मैत्रेयीने तो सरकवून पाहिला. मग टेप घेऊन फळी मोजली. आठशे बहात्तरच्या वर. दुसरी मोजली. तीही तेवढीच. तिची नजर गच्चीवर फिरली आणि माझ्यावर थांबली.

"पप्पा... हिच्याने आखलंत?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. ते पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर जाऊन बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"हात गेलाच होता," ते म्हणाले. "आता डोकंही गेलं. देऊन टाक ते मशीन शेठला परत."

"पप्पा, असं काय करता? जास्तच झालंय ना, कमी तर नाही. साडेआठ मिली तर काढायचेत. मी काढते दहा मिनिटांत." तिने मशीन उचललं.

"तू ठेव ते खाली."

हा आवाज द्रौपदीबाईंचा होता. त्या चहाची किटली घेऊन जिन्याच्या दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या, कुणाला माहीत नव्हतं.

"चूक कुणाची?" त्यांनी विचारलं.

"अगं आई, चूक-बिक काही नाही..."

"माझी," मिस्त्री खाली मान घालून म्हणाले.

"मग दुरुस्ती कुणी करायची? तू कॉलेजात होतीस, मैत्री, तेव्हा ह्यांनी एका साच्यात घोळ केला. मदतीला चार जण उभे होते. हे काय म्हणाले ठाऊक आहे? पॅटर्नशॉपमध्ये ज्याची चूक त्यानेच दुरुस्त करायची, दुसऱ्याने हात लावला तर त्या माणसाचा अपमान होतो. दोन पाळ्या उभे राहून केलं आणि मग घरी आले. भाजी विटली माझी त्या दिवशी." त्यांनी किटली खाली ठेवली. "आता तूच सांग, अपमान करायचाय का?"

"आई, हात बघ ना त्यांचा!"

"बघते की. नऊ वर्षं तोच बघतेय. बटणं मीच लावते ना? हात थरथरतो तो थरथरतोच, पण मांडीखाली घालून बसले की मला ते बघवत नाही." मग त्या मिस्त्रींकडे वळल्या. "उठा. का आता अंगठा कापेल म्हणून भीती वाटते?"

मिस्त्री उठले.

हातकरवतीने साडेआठ मिलिमीटरची चिंधी काढणं चांगल्या माणसालाही जमत नाही. करवत बाहेरच्या बाजूला घसरते. मैत्रेयीने टेपने खरं माप घेऊन रेघ आखली. रूळ त्यावर ठेवला. दोन्हीकडे शिकंजे आवळले. तो बचावाचा चष्मा मिस्त्रींना घातला. त्यांनी मशीनच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले आणि तिने आपला हात त्यांच्या हातावर, न टेकवता, अधांतरी धरला.

मशीन सुरू झालं. पातं खाली उतरलं. मिस्त्रींचे हात कोपरापासून हलत होते आणि त्या हलण्याने मशीनही गुरगुरल्यासारखं थरथरत होतं. पण थरथर रुळापर्यंत जाऊन तिथेच थांबत होती. करवत पुढे सरकली. हळू, फार हळू. मधे एकदा ते थांबले, पातं टचकन वर गेलं. त्यांनी पुन्हा दाबलं आणि पुढे गेले. लाकडाची चिंधी खाली पडली.

मिस्त्रींनी डोळे मिटले आणि कडेवरून अंगठा नेला.

मैत्रेयीने टेप लावला. "आठशे चौसष्ट," ती म्हणाली.

"पुढची ठेव," ते म्हणाले.

दुसऱ्या फळीलाही तिचा हात त्यांच्या हातावर अधांतरी होता. तिसऱ्या फळीला तिने तो काढून घेतला आणि फक्त वायर धरली. चौथ्या फळीच्या वेळी द्रौपदीबाई म्हणाल्या, "चहा गार झाला," आणि मिस्त्री म्हणाले, "होऊ दे." पाचवी फळी झाली तेव्हा त्यांच्या भुवया भुश्याने पांढऱ्या झाल्या होत्या आणि शर्ट पाठीला चिकटला होता. मशीन बंद झालं. गच्ची एकदम शांत झाली.

कपाट त्याच दिवशी उभं राहिलं. खांब आणि चौकटीच्या मधे ते पाच मिलिमीटर सोडून बसलं. संध्याकाळपर्यंत ट्रंका रिकाम्या झाल्या. मैत्रेयीने माझ्या भोकात लाल दोरा ओवला, म्हणजे पुन्हा कुणाचा गोंधळ नको, आणि मला त्याच कपाटाच्या बाजूला खिळ्यावर टांगलं. महिन्यातून एकदा मिस्त्री मला तेलाच्या फडक्याने पुसतात. जुन्या वस्तूला एवढं पुरतं. तुमच्या घरी एखादी असेल तर तिला गंजू देऊ नका, एवढंच मी माझ्यासाठी मागते.

पण माणसाला फडकं पुरत नाही. त्या दुपारी पाचव्या फळीनंतर मैत्रेयी रूळ पुसून आवरून ठेवू लागली होती. मिस्त्री अजून चष्मा घालून तिथेच उभे होते. त्यांनी गच्चीभर पाहिलं. कापायचं काही उरलं नव्हतं. तरी त्यांनी विचारलं, "अजून एखादी फळी आहे का गं?"

मित्रांनो, तुमच्या घरातही असं कुणीतरी हात लपवून बसलेलं असेल. त्यांना हे विचारावं लागेल तोवर थांबू नका. आधीच एक फळी त्यांच्यापुढे आणून ठेवा.